प्लंबरच्या नळ्या

“आ करा,” अक्का म्हणाली.

प्लंबरने तोंड घट्ट मिटलं. गोळी अक्काच्या तळहातावर तशीच. सगळी गल्ली तिला वचकून असे. हा नवरा तेवढा चाळीस वर्षांत सरळ झाला नव्हता.

“जन्मभर लोकांचे पाइप दुरुस्त केलेत आणि स्वतःच्या नळ्या बिघडू दिल्यात! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, परत सांगा.”

“रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. ते जपायला शरीराला जस्त लागतं. तेच कमी पडलंय. नळ्या ताठ व्हायला लागल्यात.”

“म्हणजे बादलीला जस्ताचा मुलामा देतात, तसंच की.”

“तसंच नाही गं. पण तू तसंच समज.”

रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला होता. अक्काला दवाखान्याचा तिटकारा. रक्त द्यायच्या दिवशी मात्र तिला जावं लागलं, आणि तिथे सुई बघून हा गडी पांढराफटक. म्हणे, आधी तू दे, मग मी. तिने बाही वर केली होती. “घ्या हो माझं. या वाघाला जरा धीर येऊ दे.”

आताही तीच रड.

“आधी तू घे.”

“मला काय धाड भरलीय?”

“मग मीही नाही घेत.”

अक्काने कपाळावर हात मारला. हा माणूस नसला तर, हा विचारही हल्ली तिला नको वाटे. तिने गोळी गिळली, वर पाणी प्यायली. मग त्याने दुसरी उचलली, तोंड फिरवलं आणि खोकला.

तीन महिने रोज सकाळी हेच भांडण. खरं तर अक्काला ते आवडायला लागलं होतं. ‘चालायलाही सांगितलंय, पण एकट्याला कंटाळा येतो,’ म्हणून तो तिला संध्याकाळी फिरायलाही ओढून नेई. परतताना दोघं न थांबता जिना चढत.

“बघा, माझा धाक लागू पडला,” ती म्हणे.

“पडला खरा,” तो म्हणे.

तपासणीच्या दिवशी तिने त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली.

“एक दिवस चुकू दिला नाही मी. विचारा यांना.”

डॉक्टरीणबाई हसल्या. रक्तदाब मोजायचा पट्टा त्यांनी उलगडला.

“शाब्बास. आता आजोबा, तुम्ही जरा उठा बघू. पेशंटला बसू द्या.”