पकडीचा भाग

टेम्पो मागे घेत घेत अंगणात येऊन लागला, तेव्हा प्रतीक्षा पडद्यासमोर बसली होती. पडदा काळा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत रोजचेच उत्तर: डिस्क सापडत नाही, म्हणून थांबलो.

टेम्पोतून चिराग उतरला. हा बोईसरचा, जुनी यंत्रे घेणारा आणि विकणारा. त्याला बोलावले होते तिच्या वडिलांनीच. धर्माजी दागिन्यांच्या डाय करायचे. पोलादाच्या ठोकळ्यावर पाने-फुले उलटी कोरायची, सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवतो. चिंचणी-तारापूरकडे हा घरोघरचा धंदा. धर्माजींचा हात थरथरू लागला म्हणून कोरणारे मशीन घरात आले. पण हाताचे नाव कोणी काढले नाही. आता सगळेच मशीन घेतात, एवढेच सगळे म्हणाले.

आणि मशीनही थरथरले. पानाची कड सरळ उठेना. दोष सुईचा नाही, मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या कर्नेलचा आहे, हे प्रतीक्षाने वाचून-वाचून शोधले. कर्नेल म्हणजे आतला मुकादम. कोणी केव्हा हलायचे ते तो सांगतो, आणि हा मुकादम वेळ पाळत नव्हता. तिने वेळेचा पक्का असा नवा कर्नेल स्वतः तयार करून बसवला. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरूच होईना. कडा वाकड्या का होईना, उठत होत्या. आता तेही गेले, असे धर्माजी एकदाच म्हणाले आणि त्यांनी चिरागला फोन लावला.

चिरागचा चहा संपेपर्यंत तरी थांबा, असे तिने वडिलांना विनवले होते. चिरागने ते ऐकले आणि कप खाली ठेवला. "मी चहा गार करूनच पितो, ताई. बघा काय होतंय का."

धर्माजी पाना घेऊन मशीनचे बोल्ट सैल करू लागले. पडद्याकडे त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही पाहिले नव्हते. आज वाकल्या वाकल्या विचारले, "काय बोलतो तरी काय तो?"

प्रतीक्षाने ओळ मराठीत करून सांगितली. "तू सांगितलेल्या नावाची डिस्क मला सापडत नाही. मला ज्या डिस्क दिसतात त्यांची नावं खाली देतो."

"मंग खालती काय दिलंय?"

"खाली काहीच नाही, बाबा."

हे म्हणताना ती अडखळली. इतके दिवस ती नावच तपासत होती. नाव बदलून पाहत होती, पुन्हा सुरू करत होती. पण नाव चुकले असते, तर खाली दुसरे एखादे नाव दिसले असते. खालची जागा कोरी होती. त्याला डिस्कच दिसत नव्हती.

मग तिला स्वतःचे काम आठवले. कर्नेल तयार करताना हे हवे का, ते हवे का, असे प्रश्नांमागून प्रश्न येतात. तिने डाय कोरणाऱ्याच्या मुलीसारखी उत्तरे दिली होती. नको ते काढत जायचे, उरते ती नक्षी. आवाज नको, कॅमेरा नको, छपाई नको. त्या झपाट्यात डिस्क वाचणारा तुकडाही तिनेच काढून टाकला होता, आणि कर्नेलच्या पुढचे सारे काही तर डिस्कवरच होते.

तिने ते वडिलांना सांगितले. धर्माजी सरळ उभे राहिले.

"म्हंजे वाइसात धरायचा भागच कोरून टाकलास."

"हो."

ठोकळ्याचा खालचा भाग कोरा ठेवायचा, तिथे वाइस, म्हणजे टेबलाची लोखंडी पकड, त्याला धरते, हे तर या घरात ती चालायला लागल्यापासून ऐकत आली होती. चिराग हसला. धर्माजी हसले नाहीत. "मंग नवीन ठोकळा घ्यायचा?" त्यांनी विचारले.

"नको. जुना कर्नेल अजून आत आहे, मी तो काढलेला नाही. कडा पुन्हा वाकड्याच उठणार, म्हणून इतके दिवस त्याच्याकडे परतले नव्हते. आता त्याच्यावर सुरू करते आणि नव्यात तेवढा तुकडा घालते."

"बघा काका," चिराग म्हणाला, "नवा आणला तरी जुन्याला घराबाहेर काढला नाही पोरीनं."

धर्माजींनी त्याच्याकडे रोखून पाहिले. पण पाना खाली ठेवला.

चिरागला पालघरहून दुसरा माल उचलायचा होता. तो उठू लागला, तर धर्माजींनीच त्याला खांद्याला धरून बसवले. "बस रे. पालघर कुठं पळून जात नाय." आणि आत सांगून त्याच्यासाठी आणखी चहा मागवला. जुन्यावर कॉम्प्युटर सुरू झाला होता, आणि नवा कर्नेल पुन्हा तयार होताना पडद्यावर ओळी धावत होत्या. त्या कळत नसूनही दोघे पाहत राहिले.

प्रतीक्षाने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला. मग पहिल्या ओळी आल्या, आणि जिथे रोज अडायचे तिथे डिस्कचे नाव आले. ओळी पुढे गेल्या. धर्माजींनी सैल केलेले बोल्ट स्वतःच आवळले.

तिने एक ठोकळा लावला आणि एकच पाकळी कोरायला सांगितली. सुई उतरली. आवाज एकसारखा होता, न अडखळणारा. पाकळी झाल्यावर धर्माजींनी तिच्यावर शिशाची पट्टी ठेवून हातोडीचा ठोका दिला, पट्टी उचलली आणि भिंगाखाली धरली. बराच वेळ ते कडेवरून नजर फिरवत राहिले. चिरागने डोकावून पाहिले आणि काही न विचारता टेम्पोचे फाळके लावायला निघून गेला.

धर्माजींनी पट्टी खाली ठेवली. खोक्याचा एक पुठ्ठा फाडून घेतला, पेन्सिल घेतली आणि मोगऱ्याची कळी काढू लागले. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी कोणासमोर पेन्सिल धरली नव्हती. देठ वाकडातिकडा गेला, पाकळीची कड दोनदा घसरली. त्यांनी खोडले नाही. पुठ्ठा मुलीपुढे सरकवला.

"माजी रेघ हलते," ते म्हणाले. "तू ती सरळ घे."