फोडणीचा वास

फोडणीत लसूण पडला, तरी वैजनाथला मळमळलं नाही. उलट भूक लागली. त्याने मनगटावरचा पट्टा घाईने दाबून पाहिला.

गेले पंधरा दिवस बायकोची मळमळ तोच सोसत होता. दवाखान्यातून दोन पट्टे मिळाले होते, एक हेमांगीच्या मनगटावर, दुसरा त्याच्या. होणार तिला, जाणवणार त्याला. ती दोन्ही वेळा नीट जेवायची आणि दर तासाला विचारायची, "होतंय ना रे अजून?" मागच्या खेपेला नवव्या आठवड्यात मळमळ एकाएकी थांबली होती आणि चार दिवसांत सगळं संपलं होतं. आज नववा आठवडा लागला होता.

गॅस बंद करून तो धावला. "हेमा!"

न्हाणीघराचं दार उघडंच होतं. हेमांगी बेसिनवर वाकली होती. तिचा पट्टा खिडकीत काढून ठेवलेला. तिने चूळ भरली आणि ओल्या तोंडानेच हसली.

"मला वाटायचं, तू माझ्या समाधानासाठी हो म्हणतोस. म्हणून काढून बघितला."

"अगं, सांगायचंस तरी!" तो दारातच खाली बसला. "घाल तो परत."

"थांब जरा," ती पुन्हा बेसिनकडे वळली. "आणखी थोडं होऊ दे मला."