फळीवरचा कप

आतल्या खोलीत कपाट करकरलं. फोनवर दोघीही गप्प होत्या, म्हणून ते एवढं ऐकू आलं.

"ताई, आहात ना?" पलीकडून धाकटीनं विचारलं.

"आहे गं. तू बोल, मी ऐकतेय."

धाकटी म्हणजे ऑफिसातली सगळ्यांत लहान. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी त्यांची संस्था. तिथं दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकायची आणि घरी येऊन मुकाट्यानं भाजी चिरायची. माणसं वर्षा-दोन वर्षांत पिळून निघायची आणि निघून जायची. ती टिकावीत, हे ताईचं काम. कुणी जायच्या बेतात दिसलं की ती संध्याकाळी घरून स्वतः फोन करायची आणि 'राहते' म्हणेपर्यंत ठेवायची नाही.

"आई." मुलगी दारात उभी होती. नुकतीच पहिलीत गेलेली. "माझा हत्तीचा कप काढून दे ना."

ताईनं फोन खांद्यात धरला आणि वरच्या फळीवरचा कप काढून दिला.

"खाली आत्याकडे जाऊ?"

ताईनं मान हलवली. मुलगी गेली. दार आपटलं नाही. हल्ली आपटायचीच नाही.

"पिल्लू होतं का?" धाकटी म्हणाली. "मी उगाच तुमची संध्याकाळ खातेय."

"छे गं. गुणाची आहे ती. आधी मी फोन घेतला की ओढणी ओढून ओढून जीव नकोसा करायची. आता एकटी खेळते, कुरकुर म्हणून नाही."

"पण मी जाणार हे तुम्हाला कळलं कसं? मी तर कुणालाच बोलले नव्हते."

"तुझा कप फळीवर नव्हता."

ऑफिसात चहासाठी प्रत्येकीचा आपापला कप होता. राजीनामा नंतर यायचा. कप आधी घरी जायचा.

"पोलिसात जायला हवं होतं तुम्ही!"

"आणि तू भांडायची थांबलीस. रजेवरून, पंख्यावरून, मॅडमच्या मीटिंगांवरून किती डोकं खायचीस! आता सगळ्याला आपलं 'चालेल, चालेल'. तेव्हाच म्हटलं, ही मनानं गेली."



मुलगी वर आली, आत गेली. पुन्हा कपाट करकरलं. मग बगलेत उशी घेऊन ती ताईसमोरून दाराकडे निघाली. घर-घर खेळायचं असेल. ताईनं हसून हात हलवला.

"खरं सांगू, ताई? घरी आल्यावर मला आईशीसुद्धा बोलवत नाही. ती जेवायला हाक मारते, तरी दचकायला होतं. कामाचा कंटाळा नाही हो आला. मीच संपलेय."

"संध्याकाळचे फोन बंद कर. घरी गेलीस की घरी."

"मग ते घेणार कोण? त्या बायका संध्याकाळीच फोन करतात."

"माझ्याकडे वळव."

"तुमच्याकडे? घरात लहान पोर आहे तुमच्या!"

"ती समजूतदार आहे. तू राहतेस का, ते सांग."

 धाकटीनं नाक ओढलं.

"उद्या कप घेऊन येते. पण तो पंखा आधी दुरुस्त करा. नाहीतर मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन बसेन, सांगून ठेवते!"

ताईला हसू आलं. भांडतेय. म्हणजे राहिली.

तिनं फोन ठेवला. जीव भांड्यात पडला. आता तासभर फक्त पिल्लूचा, असं ठरवून तिनं दूध गरम करायला ठेवलं आणि सवयीनं वरच्या फळीवर हात घातला. तिथं कप नव्हता.

"पिल्लू!"

मुलगी दारातच होती. पायात शाळेचे बूट. पाठीवर दप्तर, त्यातून गणवेशाची बाही बाहेर लोंबत होती. हातात तिनंच काढलेलं तिघांचं चित्र, कालपर्यंत भिंतीवर चिकटवलेलं.

"अगं, हे सगळं घेऊन कुठं?"

"खालीच. आत्याला विचारलंय, ती हो म्हणाली." मुलीनं चित्राची गुंडाळी नीट घट्ट केली. "आई, आता मी पण गेले, की तू मला पण फोन करशील? मी राहते म्हणेपर्यंत?"