कटर बदलायची वेळ

शहागडचे बद्रीनाथ गुरुजी शाळा सुटली की पडवीतल्या जुन्या मिलिंग मशीनवर हौसेनं लोखंड कापत बसत. कटर बदलायचा तर खालून गुरुजी तो धरत आणि वरचा बोल्ट पान्यानं आवळायला सोनूबाई चूल सोडून येत. बायकोची ही धावपळ वाचावी म्हणून त्यांनी दोन महिने खपून कटर आपोआप धरून ठेवणारी नवी पकड बनवली. कटर एका हातानं झटक्यात बदलला.

"बघ, आता तुला यायचं कामच न्हाई!"

सोनूबाईंचा चेहरा उतरला. "मंग आपण दोघं बोलायचं कधी?"



दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेतून घरी आले, तर सोनूबाई मशीनपाशी पाट टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. "इतक्यात चालू नका करू," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, आज वर्गात काय काय झालं?"