समुद्राला तळ

“आज समुद्राला तळ आहे. आधीच सांगून ठेवते,” ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

“पाणीवाली आली. बादल्या लावा रे,” तोफवाला म्हणाला. हे तो रोजच म्हणे. ते बनवत असलेल्या संगणकावरच्या खेळातले सगळे आवाज तो करत असे, म्हणून तोफवाला. ती लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी करत असे, म्हणून पाणीवाली.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जुन्या शिडांच्या युद्धनौका ओळीने उभ्या होत्या. खेळाच्या नव्या भागात पाच घ्यायच्या होत्या. चार ठरल्या होत्या. चारही तीन मजली, प्रत्येकीवर शंभराच्या आसपास तोफा. पाचव्या जागेसाठी त्यांच्या प्रमुखांनी, सरांनी, तशीच आणखी एक काढून ठेवली होती. पाणीवालीला तिथे एक लहान नौका हवी होती. एक डोलकाठी, दहा तोफा, सपाट बूड. खाडीच्या तोंडाशी पहारा द्यायला बांधलेली.

ती नौका आजवरच्या प्रत्येक चाचणीत बुडाली होती, कारण खेळातल्या समुद्राला तळच नव्हता. अगदी किनाऱ्याला लागेपर्यंत पाणी अथांग, त्यामुळे मोठी जहाजं तिला कुठेही गाठत. तळ पाणीवालीने दोन वर्षं खपून बनवला होता. खेळणारे रुतले की वैतागतील, म्हणून सरांनी तो बंद करून ठेवला होता.

“ही शेवटची चाचणी,” सर शेजारच्या संगणकापाशी बसत म्हणाले. “हरलीस तर तुझी होडी जाईल, आणि तो तळही कायमचा काढायचा. उगाच भार झालाय.”

“आणि जिंकले तर?”

“अगं, दहा तोफा आहेत तुझ्याकडे.”

“जिंकले तर?”

“तर दोन्ही राहतील,” सर म्हणाले. रडणाऱ्या मुलाला चंद्र कबूल करावा, तसे.

सरांनी सर्वांत मोठं जहाज घेतलं. त्याच्या पहिल्याच माऱ्यात लहान नौकेचं शीड फाटलं. पाणीवालीने सुकाणू वळवलं आणि पाठ दाखवली.

“पळाली!” तोफवाला ओरडला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उठून मागे येऊन उभे राहिले.

“ताई, फिर ना मागे,” शिडं रंगवणारी मुलगी हळूच म्हणाली. “अशी पळाली तर कोण घेईल तिला?”

“पळत नाहीये. वाट दाखवतेय.”

समोर दोन बेटं होती, मध्ये अरुंद पाणी. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं मातकट. हा रंग तिने तळाबरोबरच बनवला होता. खोलीतल्या कोणीच तो अजून पाहिला नव्हता. बेटांच्या मधोमध एका आडव्या रेषेवर लाटा फुटत होत्या. लहान नौका त्या रेषेवरून सरळ पलीकडे गेली.

सर सगळी शिडं उभारून मागे लागले होते. “उथळ पाण्याला खळखळाट फार,” ते हसून म्हणाले.

“मग ऐका ना, सर.”

सरांनी ऐकलं नाही. जहाजाचं नाक रेषेपलीकडे गेलं. मागोमाग पहिली डोलकाठी, मग दुसरी.

“हत्ती गेला, शेपूट राहिलं,” सर खुशीत म्हणाले.

मोठं जहाज पुढच्यापेक्षा मागे जास्त खोल बुडालेलं असतं. ते तिथेच, रेषेखालच्या वाळूत अडकलं.

आधी एक घासटल्याचा आवाज आला. मग लांबलचक, खालून वर चढत जाणारा लाकडाचा कण्हणारा आवाज. तोफवाल्याने मान वर केली. दोन वर्षांपूर्वी हा आवाज त्यानेच करून दिला होता, एक जुनं दार रात्रंदिवस उघडझाप करून. खेळात तो आज पहिल्यांदा वाजत होता.

सरांनी सुकाणू डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. शिडं उतरवली, पुन्हा चढवली. जहाज हललं नाही.

“तळ बंद कर.”

“नाही.”

“मी सांगतोय.”

“मीही सांगितलं होतं, सर. सगळ्यांच्या देखत.” तिने दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

सर तोफवाल्याकडे वळले. “तू कर रे. तुझ्याकडूनही होतं ते.”

तोफवाल्याने हाताची घडी घातली. नजर पडद्यावरून काढली नाही. “थांबा हो सर. ऐकू द्या जरा.”

पाणीवालीने हात पुन्हा कळफलकावर ठेवले. लहान नौका वळली, फुटणाऱ्या लाटांवरून फाटक्या शिडानिशी परत आली आणि मोठ्या जहाजाच्या ऐन पाठीमागे जाऊन थांबली. त्याच्या शंभर तोफा दोन्ही कुशींना होत्या. मागे फक्त नक्षीदार खिडक्या होत्या, आणि काचा.

तिने नांगर टाकला. तोफा डागल्या नाहीत.

“मार ना मग!” सर म्हणाले. “संपव एकदाचं.”

पडद्यावर बेटांच्या कडेची ओली वाळू रुंद होत चालली होती. मोठं जहाज किंचित कललं, पुन्हा कण्हलं, आणखी कललं. त्याच्या एका बाजूच्या तोफा आकाशाकडे वळल्या. दुसऱ्या बाजूच्या चिखलाकडे.

“घाई कसली, सर,” पाणीवाली म्हणाली. “ओहोटी आत्ता कुठे लागलीय.”