इंजिन तापेपर्यंत

"त्या सकाळी ते चाय घ्यायला वर का आले नाहीत?" पडद्याआडून महमुदाने विचारलं.

झुबेर बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याचा थोरला भाऊ ताहिर जाऊन बारा दिवस झाले होते. महमुदाभाबी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात होती, म्हणून मधे पडदा. ट्रकमध्ये सापडलेल्या भावाच्या वस्तू द्यायला तो आला होता. चपला, जपाची तसबीह, लोकरीची कानटोपी.

"अल्लाची मर्जी, भाबी."

"मरणाचं नाही विचारत. चायचं विचारतेय."

खाली बहरीनच्या गुदैबिया भागातल्या त्या गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो थांबल्यावर ती बोलू लागली.

"थंडी पडली की पहाटे खाली जायचे, ट्रक चालू करायचे आणि इंजिन तापेपर्यंत वर येऊन बसायचे. दहा मिनिटं. आठ वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशी मी चाय गाळत होते, आणि खालून गाडी गेल्याचा आवाज आला."

"भाबी…"

"आदल्या संध्याकाळी आमचं वाजलं होतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला रत्नागिरीला जायचं होतं, ह्यांना रजा मिळेना. मी बोलून गेले, तुम्ही असलात काय नि नसलात काय, सारखंच. ते काही बोलले नाहीत. जेवले, झोपले. सकाळी तोंडसुद्धा न दाखवता गेले." तिचा आवाज सपाट होता. "लोक सांगतात, धुकं होतं. जानेवारीत धुकं दर वर्षी असतं. रागात माणसाचं ध्यान राहत नाही."

झुबेरने कानटोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. अपघाताचं कारण म्हणून पोलिसांनी धुकं लिहिलं होतं, कंपनीनेही तेच लिहिलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"भाई रागात नव्हते," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. थांबू नका म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना."

तुबलीच्या ज्या गॅरेजमध्ये झुबेर मेकॅनिक होता, तिथेच ताहिरच्या कंपनीच्या दुधाच्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. कंपनीला नवे छोटे ट्रक घ्यायचे होते. कंपनीच्या साहेबाने दोन ट्रक आणून उभे केले आणि कुठलं इंजिन बरं ते झुबेरलाच ठरवायला सांगितलं. पंधरा दिवस त्याने दोन्ही चालवून पाहिली. एक जुन्या धाटणीचं, मोठं, सकाळी धूर ओकणारं, दहा मिनिटं तापल्याशिवाय नीट न ओढणारं. दुसरं नवं आणि लहान. थंडीतही चावी फिरवली की चालू, धूर नाही, डिझेल कमी. त्याने दुसरं निवडलं. त्या नव्या इंजिनाचा आलेला पहिला ट्रक साहेबाला सांगून भावाला मिळवून दिला.

"भाई नव्या गाडीलाही दहा मिनिटं थांबायचे. सवय. आदल्या दिवशी दुपारी गॅरेजवर आले तेव्हा मी हसलो त्यांना. म्हटलं, भाई, हे इंजिन तसं नाही. चावी फिरवा नि निघा, उगाच डिझेल कशाला जाळता? तर म्हणाले, बरं, उद्यापासून."

झुबेरने कानटोपी गुडघ्यावर ठेवली.

"ते चालू लगेच होतं, भाबी, पण डिझेल कमी जाळतं, म्हणून गरम व्हायला वेळ घेतं. जुन्यापेक्षा जास्त. आणि इंजिन गरम झाल्याशिवाय हीटरमधून गरम हवा येत नाही. काचेवर आतून वाफ धरते, ती हटत नाही. मी स्टार्टिंग बघितलं, डिझेल बघितलं, ओढ बघितली. हीटर नाही बघितला. बहरीनमध्ये हीटर कोण बघतं?"

पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितलं. झल्लाकच्या रस्त्यावर एक बंद पडलेला टँकर उभा होता, तो ताहिरला दिसला नाही. ट्रक ओढून तुबलीला आणला तेव्हा दार झुबेरनेच उघडलं. हीटरचा खटका गरम हवेच्या लाल खुणेपर्यंत ओढलेला होता. काच जिथे शाबूत होती तिथे आतून हाताने पुसल्याचे फराटे होते.

आता ती ओरडेल, त्याला घराबाहेर काढेल. काही केलं तरी चालेल, असं त्याला वाटलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "ते रागावून गेले नव्हते."

"नाही."

"तू सांगितलंस म्हणून गेले."

"हो."

"परत सांग. काय म्हणाले ते, बरोबर तसंच सांग."

"बरं, उद्यापासून. असं म्हणाले."

"हसत म्हणाले?"

झुबेरला ते आठवत नव्हतं. "हो," तो म्हणाला.

पडद्यामागे ती रडू लागली. बारा दिवसांत ती रडली नव्हती. शेजारची सायरा सगळ्यांना तेच काळजीने सांगत होती. झुबेर बसून राहिला. उठावं की थांबावं, त्याला कळेना.

दार उघडलं. भावाची मुलगी लाईबा शाळेतून आली होती. आईचं रडणं ऐकून ती दारातच उभी राहिली.

"व्हॉट हॅपन्ड, चाचा?"



"झुबेर," आतून महमुदा म्हणाली, "हिलाही सांग. त्या संध्याकाळी ही रुसून अब्बांशी बोलली नव्हती. रोज मला विचारते, माझ्यामुळे गेले का?"

झुबेरने समोरची खुर्ची जवळ ओढली. लाईबा दप्तर न उतरवताच तिच्यावर बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"दोन इंजिनं होती," त्याने सुरुवात केली.