पाखाडीची कंठी

नातीच्या लग्नाची पत्रिका इस्तेलच्या हातात देऊन कातरीन म्हणाली, शनिवारी येऊन कंठी नेईन. हे मागणं नव्हतंच. मरोळच्या त्या पाखाडीतली, त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, नवरी चर्चला निघायची ती इस्तेलच्या सासूची सोन्याची कंठी घालूनच. कातरीनने घातली होती, तिच्या लेकीने घातली होती. घराघरांतल्या लग्नाच्या फोटोंत चेहरे वेगळे, कंठी तीच. परत यायची तेव्हा सोबत टोपलीभर फुगे, मैद्याचे तळलेले गोल पाव, असायचे.

पण तेव्हा सोन्याचा भाव हा नव्हता.

"मोडली गो मी ती," इस्तेल म्हणाली. "सोनाराला देऊन टाकली पावसाळ्यात."

कंठी आत कपाटात होती.

कातरीनने का म्हणून विचारलं नाही. तिने इस्तेलचा हात हातात घेतला. "एवढी वेळ आली तुझ्यावर, आणि आम्हाला कळवलं नाहीस?"

लग्नात नवरीने खोटा हार घातला. कंठीचं कोणी नावही काढलं नाही. फक्त बायका येता-जाता इस्तेलच्या खांद्यावर हात ठेवत होत्या, आणि तिच्या ताटात कोणी ना कोणी सारखं वाढत होतं. सुटले, असं तिला वाटलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा झाली की चर्चमध्ये गरीब घरांना तांदूळ, डाळ, तेल मिळतं. नवरा गेल्यापासून कातरीन ते घेत आली होती. या रविवारी मात्र ती धापा टाकत, पिशवी घेऊन थेट इस्तेलच्या दारात आली. काखेत फादरांकडून मागून आणलेली वही होती.

"यादीत बाराच नावं बसतात म्हणाले फादर. मग मी माझं काढायला लावलं."

इस्तेल नको नको म्हणाली. तुझं तू ने, माझं भागतंय, म्हणाली. कातरीनने काही ऐकलं नाही. पहिल्या वेळी मलाही लाज वाटली होती, ती म्हणाली, दुसऱ्या महिन्याला नाही वाटत.

इस्तेलने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नातीचा तो खोटा हार तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि खांद्यावर हात ठेवणाऱ्या सगळ्याजणी. तिने तोंड मिटलं.

कातरीनने वही उघडून पेन पुढे केलं.

"इथे. आणि नीट कर सही. जुळली नाही तर पुढच्या महिन्याचं देत नाहीत."

इस्तेलने सही केली. पिशवी मात्र तिला उचलवेना.